ट्रॉय डेव्हिसचा एकरी उतारा: हाइझमनच्या मतदारांना खुलं पत्र

प्रति,
हाइझमन ट्रस्ट, न्यूयॉर्क,
आणि हाइझमन ट्रॉफीसाठी मत देणारे सर्व पत्रकार व माजी विजेते

सप्रेम नमस्कार.

मी क्रीडा पत्रकार नाही. मी माती तपासणारी बाई आहे. राहुरीच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेऊन 1996 च्या ऑगस्टमध्ये आयोवा स्टेट विद्यापीठात, एम्स नावाच्या गावी शिकायला आले आणि पुढे अमेरिकेतच राहिले. तुमच्या ट्रॉफीशी माझा संबंध एवढाच, की मी तिथे पोचले त्याच वर्षी तुम्ही आयोवा स्टेटच्या ट्रॉय डेव्हिसला दुसर्‍या क्रमांकावर ठेवलंत आणि ते मला अजून पटलेलं नाही.

हे पत्र मराठीत आहे, कारण इथल्या मराठी घरांत आता कॉलेज फुटबॉल (अमेरिकन पद्धतीचं) पाहिलं जातं. मुलं इथेच वाढली, शनिवारी टीव्हीवर तेच असतं, आणि डिसेंबरात वर्षाच्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला हाइझमन देण्याचा तुमचा सोहळा आई-बापही पाहतात. तुमच्यासाठी इंग्रजी प्रत वेगळी पाठवली आहे.

पत्र लिहायला निमित्त झालं ते 2024 च्या मोसमाचं. बॉइझी स्टेटचा अ‍ॅश्टन जेंटी बॅरी सँडर्सच्या 2,628 यार्डांच्या विक्रमामागे धावत होता. आमच्या घरी सगळे खुर्चीच्या टोकावर बसून बघत होते. एका वाहिनीने एका मोसमात दोन हजार यार्डांच्या वर धावलेल्यांची यादी दाखवली. त्यात मधेच कुठेतरी होतं, ट्रॉय डेव्हिस, आयोवा स्टेट, 2,185. माझा मुलगा म्हणाला, "आई, तुझ्या कॉलेजचा कुणी दिसतोय." इथेच जन्मलेला, आकडेवारी तोंडपाठ असलेला मुलगा "कुणी" म्हणाला. मला वाईट वाटलं. मग लक्षात आलं, चूक त्याची नाही. यादीत फक्त यार्ड होते. किती सामन्यांत, कुठल्या संघासाठी, समोर काय असताना, यातलं काहीच नव्हतं.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चार संधींत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू गेला. रनिंग बॅक म्हणजे चेंडू काखेत दाबून समोरच्या अकरा जणांत घुसणारा गडी. कबड्डीतली चढाई डोळ्यांसमोर आणा, फक्त इथे परत यायचं नसतं, पुढेच जायचं असतं, आणि पकडणार्‍यांतले बरेच जण सव्वाशे किलोचे असतात. डेव्हिसची कागदावरची उंची पाच फूट आठ इंच. फ्लोरिडातल्या मायामीचा मुलगा, आयोवाच्या थंडीत मक्याच्या शेतांमधल्या एका गावी येऊन पडलेला. माझ्यासारखाच, असं मला तेव्हा उगीच वाटायचं.

28 सप्टेंबर 1996. मिझुरीविरुद्धचा सामना होता. आमच्या विद्यार्थी मंडळाला दिवाळीच्या कार्यक्रमासाठी पैसे हवे होते, म्हणून आम्ही स्टेडियममध्ये खाण्याच्या स्टॉलवर काम घेतलं होतं. माझ्याकडे पिवळं पातळ चीज चिप्सवर ओतायचं काम होतं. खेळाचं ओ की ठो कळत नव्हतं. पण दर काही मिनिटांनी डोक्यावरच्या सिमेंटच्या पायर्‍या थरथरायच्या, आणि रांगेतली माणसं पैसे दिल्यावर सुटे परत न घेताच पळायची. मध्यंतरानंतर गर्दी ओसरली तेव्हा मी एप्रन न काढताच चढणीवरून वर गेले आणि कठड्याला टेकून उभी राहिले.

शेजारी बियाण्याच्या कंपनीची टोपी घातलेला एक म्हातारा शेतकरी होता. हातात झिजून गेलेला पेन्सिलीचा तुकडा, आणि सामन्याच्या कार्यक्रमपत्रिकेच्या मागच्या कोर्‍या पानावर तो आकडे मांडत होता. चार, सात, तीन, एकोणीस. मला वाटलं, हा पैजा लावतोय. मग दिसलं की 28 नंबरच्या मुलाने चेंडू घेतला की हा एक आकडा लिहितो. प्रत्येक वेळी तोच मुलगा. स्टेडियमला ठाऊक, समोरच्या संघाला ठाऊक, माझ्यासारख्या चीज ओतणारीलाही पाच मिनिटांत कळलं की चेंडू आता त्याच्याकडेच जाणार. तरी तो ढिगातून वाकून, खांदा खाली घालून निघायचा आणि दोघांना अंगावर घेऊन आणखी तीन यार्ड पुढे जाऊन पडायचा. उठायचा, चेंडू पंचाच्या हातात द्यायचा, चालायला लागायचा. नाचणं नाही, छाती बडवणं नाही.

त्या दिवशी डेव्हिस 41 वेळा चेंडू घेऊन 378 यार्ड धावला. चार टचडाऊन, म्हणजे चार वेळा चेंडू घेऊन थेट शेवटच्या रेषेपलीकडे. आयोवा स्टेटने 45-31 असा सामना जिंकला. वरच्या श्रेणीच्या कॉलेज फुटबॉलमध्ये तोवर एका सामन्यात त्याहून जास्त धावलेले दोघेच होते, टोनी सँड्स आणि मार्शल फॉक. म्हातार्‍याने शेवटी बेरीज केली, दोनदा तपासली, कागदाची घडी करून खिशात ठेवली. माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मीही नाही. पण त्या दिवसापासून मी या खेळाची झाले.

आता तक्रारी.

पहिली 1995 ची आहे. तेव्हा मी तिथे नव्हते, पण प्रयोगशाळेतली मुलं वर्षभरानंतरही त्यावरच धुमसत होती. त्या मोसमात डेव्हिस 11 सामन्यांत 2,010 यार्ड धावला. त्याच्याआधी वरच्या श्रेणीत दोन हजारांचा उंबरठा ओलांडणारे चौघे होते: 1981 मध्ये मार्कस अ‍ॅलन, 1983 मध्ये माइक रोझिअर, 1988 मध्ये बॅरी सँडर्स, 1994 मध्ये रशान सलाम. चौघांनाही तुम्ही त्या त्या वर्षी ट्रॉफी दिलीत. पाचवा डेव्हिस, आणि त्याला तुम्ही पाचव्या क्रमांकावर बसवलंत. पहिला आला ओहायो स्टेटचा एडी जॉर्ज. मोठा खेळाडू, वाद नाही, पण त्या वर्षी डेव्हिसपेक्षा एक सामना जास्त खेळूनही कमी यार्ड धावलेला. चौथा आला नॉर्थवेस्टर्नचा डार्नेल ऑट्री. तोही रनिंग बॅकच, तोही डेव्हिसपेक्षा कमी धावलेला. मग फरक कशात होता? ओहायो स्टेट जिंकत होतं. नॉर्थवेस्टर्न अनेक दशकांनी रोझ बोलला चाललं होतं; बोल म्हणजे मोसमानंतर निवडक संघांना मिळणारा मानाचा सामना. आणि आयोवा स्टेटने 11 पैकी आठ सामने हरले होते.

म्हणजे तुम्ही माणूस मोजला नाहीत, त्याच्या गावाचा पाऊस मोजलात.

दुसरी तक्रार त्याच्या पुढच्या वर्षाची. पहिल्या वर्षी नशिबाने जमलं असं कुणी म्हणू नये म्हणून की काय, तो 1996 मध्ये 402 वेळा चेंडू घेऊन 2,185 यार्ड धावला. टचडाऊन 21. लागोपाठ दोन मोसमांत दोन हजार यार्ड तोवर कुणीही केले नव्हते. सँडर्सने नाही, अ‍ॅलनने नाही. आयोवा स्टेट मात्र या वेळी 11 पैकी नऊ सामने हरलं. तुम्ही फ्लोरिडाच्या डॅनी वुर्फेलला 1,363 गुण दिलेत आणि डेव्हिसला 1,174.

वुर्फेलबद्दल माझ्या मनात किल्मिष नाही. त्याने त्या वर्षी 39 टचडाऊन पास टाकले आणि पुढे जानेवारीत त्याचा संघ राष्ट्रीय विजेताही झाला. तुम्ही त्याला निवडलंत यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मला खटकतं ते तेव्हा दिलेलं कारण. वर्तमानपत्रांत, टीव्हीवर, जिथे तिथे एकच वाक्य ऐकू यायचं, की इतक्या हरणार्‍या संघातल्या मुलाला हाइझमन कशी द्यायची?

कशी द्यायची ते तुम्हाला येत होतं. 1956 मध्ये दिली होतीत. नोत्र दामचा पॉल हॉर्नंग. त्या वर्षी त्याचा संघ 10 पैकी आठ सामने हरला होता आणि त्याने स्वतः तीन टचडाऊन पास टाकले होते, तर 13 पास प्रतिस्पर्ध्यांच्या हातात दिले होते. तो अष्टपैलू होता, धावायचा, किक मारायचा, बचावही करायचा, हे सगळं मान्य. पण हरणार्‍या संघातून ट्रॉफी मिळवणारा तो आजवरचा एकमेव खेळाडू आहे. त्याच मतदानात सिराक्यूजचा जिम ब्राऊन पाचवा आला होता. जिम ब्राऊन पाचवा! म्हणजे पराभव आड येत नाहीत असं नाही, आणि येतातच असंही नाही. नोत्र दामचं सोनेरी हेल्मेट असेल तर आड येत नाहीत. एम्सचा पत्ता असेल तर येतात.

आमच्याकडे महाराष्ट्र केसरीची गदा देताना त्या पैलवानाच्या तालमीतली बाकीची पोरं किती वेळा चितपट झाली हे कुणी विचारत नाही. कुस्ती एकट्याची आणि फुटबॉल सांघिक, हे मला कळतं. पण ट्रॉफी तुम्ही एकाच माणसाच्या हातात देता. संघासाठी वेगळं विजेतेपद आहे, त्यासाठी वेगळी झुंबड आहे.

यावरचं उत्तरही मला ठाऊक आहे, कारण माझ्या नवर्‍याने ते मला इतक्या वर्षांत किमान पन्नास वेळा ऐकवलं आहे. तो नेब्रास्काचा विद्यार्थी, त्याला जिंकायची सवय. त्याचं म्हणणं असं, की दुबळ्या संघाकडे दुसरं काही नसतं, म्हणून ते सगळे चेंडू एकालाच देतात, मग यार्ड साचतात. दिसायला बरोबर आहे. पण उलटं धरून बघा. ज्या संघाकडे दुसरं काही नाही, त्याच्यासमोर बचाव करणार्‍यांनाही दुसरं काही बघावं लागत नाही. सगळे एकावरच तुटून पडतात. तसे तुटून पडूनही दोन मोसमांत 747 वेळा चेंडू घेऊन धावताना त्याची सरासरी साडेपाच यार्डांच्या वर होती. चार संधींत दहा यार्ड लागतात. हा गडी दोनात काम संपवत होता. भरीला संघ मागे पडलेला असायचा, आणि मागे पडलेला संघ धावत नाही, पास टाकतो. तरी प्रशिक्षक डॅन मॅकार्नी याच्याकडेच चेंडू देत राहिले.

तिसरी तक्रार खरं तर तुमच्याबद्दल नाही. त्याच 1996 मध्ये सर्वोत्तम रनिंग बॅकचा डोक वॉकर पुरस्कार टेक्सस टेकच्या बायरन हॅन्सपर्डला मिळाला. हॅन्सपर्ड 2,084 यार्ड धावला होता, म्हणजे डेव्हिसपेक्षा 101 कमी. थोडक्यात, तुमच्या मते डेव्हिस देशातला दुसरा सर्वोत्तम खेळाडू, आणि दुसर्‍या एका मंडळाच्या मते तो रनिंग बॅकमध्येही पहिला नाही. घरच्यांनी जेवायला वाढलं नाही आणि शेजार्‍यांनी ताट मांडून वर काढून घेतलं, अशातली गत. इथे फक्त नोंद करून ठेवते.

चौथी तक्रार आकड्यांची, आणि हा माझ्या धंद्याचा विषय आहे. शेतकर्‍याने येऊन सांगितलं की मला दोनशे पोती झाली, तर मी पहिला प्रश्न विचारते, किती एकरांत? एकरी उतारा कळल्याशिवाय पोत्यांना अर्थ नसतो. डेव्हिस दोन्ही मोसमांत 11-11 सामने खेळला. पुढे मोसम लांबला. 2002 पासून एनसीएए, म्हणजे कॉलेजच्या खेळांचा कारभार पाहणारी संस्था, बोल सामन्यांतले यार्डही मोसमाच्या हिशेबात धरू लागली, आधीच्यांचे मात्र बाहेरच राहिले. सँडर्सने 1988 च्या हॉलिडे बोलमध्ये काढलेले 222 यार्ड त्याच्या 2,628 मध्ये नाहीत. डेव्हिसला तर या बदलाचा तसाही उपयोग नव्हता, कारण त्याचा संघ बोलपर्यंत पोचलाच नाही. आयोवा स्टेट 1978 नंतर थेट 2000 मध्ये बोल खेळलं.

जेंटी 14 सामन्यांत 2,601 यार्ड धावला, म्हणजे सामन्यामागे सुमारे 186. डेव्हिस 1996 मध्ये सामन्यामागे सुमारे 199. जेंटीला कमी लेखायचं नाही. त्यालाही तुम्ही दुसर्‍याच क्रमांकावर ठेवलंत, त्याची वेदना मला इतर कुणाहूनही जास्त समजते. विस्कॉन्सिनच्या जोनथन टेलरने 2018 आणि 2019 मध्ये लागोपाठ दोन हजारांचे मोसम केले तेव्हाही मी टाळ्या वाजवल्या. पण ते मोसम 13 आणि 14 सामन्यांचे होते, बोल धरून. आणि तेव्हा एका समालोचकाने असा सूर लावला, की जणू हे पहिल्यांदाच घडतंय. पहिल्यांदा घडलं ते एम्समध्ये, 11 सामन्यांत, आणि तेव्हा मी चीज ओतत होते.

डेव्हिसचं पुढे वाईट झालं असं नाही. कॉलेजचं एक वर्ष शिल्लक असतानाच तो व्यावसायिक निवडीत उतरला, 1997 मध्ये न्यू ऑर्लीन्सच्या व्यावसायिक संघाने तिसर्‍या फेरीत घेतला, तिथे बहर आला नाही, मग कॅनडात जाऊन खेळला. 2016 च्या यादीत त्याचं नाव कॉलेज फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये आलं. म्हणजे जवळजवळ वीस वर्षं तिथेही रांगेत. अलीकडे ब्रीस हॉलने आयोवा स्टेटमध्ये 28 नंबरच घालून लागोपाठ 24 सामन्यांत टचडाऊन केले, तेव्हा निदान आमच्या गावच्या जुन्या माणसांनी पोरांना त्या नंबरची गोष्ट सांगितली.

आता मागण्या. अवघड एकही नाही.

मतपत्रिकेबरोबर मतदारांना ज्या सूचना देता, त्यात एक ओळ घाला: संघाची हार-जीत हा निकष नाही. आणि तो निकष आहे असं तुमचं मत असेल, तर तसं लिहा. मग आम्ही हॉर्नंगबद्दल विचारू.

कुणी कुणाला मत दिलं ते निकालानंतर नावासकट जाहीर करा. एपी वृत्तसंस्थेच्या साप्ताहिक संघ-क्रमवारीत प्रत्येक पत्रकाराचं मत दिसतं, आकाश कोसळलेलं नाही. सगळ्या चाहत्यांना मिळून तुम्ही एक मत देता, ते कुणाला गेलं हे सगळ्यांना समजतं. मग बाकीची झाकलेली का?

तुमच्या नोंदींत, संकेतस्थळावर, सोहळ्याच्या पडद्यावर जिथे मोसमाचे यार्ड दाखवता तिथे शेजारी सामन्यांची संख्या दाखवा. एक छोटा रकाना. हीच विनंती एनसीएएला वेगळी केली आहे, सोबत 2002 च्या आधीचे बोल सामने हिशेबात घ्यावेत हीसुद्धा. सँडर्स आणि विस्कॉन्सिनचा जुना रनिंग बॅक रॉन डेन यांचं त्यात भलं आहे, डेव्हिसचं एका यार्डाचंही नाही. तरी केली आहे.

आणि शेवटची. येत्या डिसेंबरात ट्रॉय डेव्हिसला न्यूयॉर्कला बोलवा आणि मंचावर उभं करा. 1996 ची ट्रॉफी वुर्फेलकडून काढून घ्या असं मी म्हणत नाही. दुसरी ओतून द्या असंही नाही. आमच्याकडे पद्माकर शिवलकर नावाचे डावखुरे फिरकी गोलंदाज होते. प्रथम श्रेणीत 589 बळी, आणि भारताकडून एकही कसोटी नाही, कारण त्याच काळात बिशनसिंग बेदी होते. हरयाणाचे राजिंदर गोयल यांची कथा तीच. 2017 मध्ये क्रिकेट मंडळाने या दोघांना सी. के. नायडू जीवनगौरव दिला. एकही कसोटी न खेळलेल्या दोघांना. कसोटीची टोपी त्याने मिळाली नाही, पण शिवाजी पार्कवरच्या माणसांना त्या दिवशी बरं वाटलं. तुम्हाला एवढं नक्की जमेल. दोन मिनिटं लागतील, आणि निवेदकाला एकच वाक्य वाचायचं आहे: हा माणूस दोन मोसमांत, 22 सामन्यांत, 4,195 यार्ड धावला.

उशीर झाला असं वाटत असेल तर एम्सला एक चक्कर मारा. जॅक ट्राइस हा आयोवा स्टेटचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. 1923 मध्ये मिनेसोटाविरुद्धच्या सामन्यात जखमी होऊन तो दोन दिवसांनी गेला. स्टेडियमला त्याचं नाव लागावं म्हणून विद्यार्थी सत्तरच्या दशकापासून मागे लागले होते. ते लागलं 1997 मध्ये, मी तिथे असताना. डेव्हिसच्या 378 यार्डांच्या वेळी त्या स्टेडियमचं नाव नुसतं सायक्लोन स्टेडियम होतं.

मी अजून वर्षातून एकदा तिथे जाते. स्टॉल आता वेगळ्या ठिकाणी आहेत, पण ती चढण तीच आहे. कठड्याशी उभी राहिले की मला त्या टोपीवाल्या म्हातार्‍याचा घडी घातलेला कागद आठवतो. त्याच्या घरच्यांनी तो ठेवला असेल तर त्यावर 41 आकडे असतील. तुमच्यापैकी कुणी तेव्हा मत दिलं असेल आणि आजही देत असेल, तर त्याने एकदा तेवढी बेरीज करून बघावी.

आपली,
आयोवा स्टेटची एक जुनी विद्यार्थिनी